मॉडेलच्या सांध्यात कोणती पुट्टी भरावी?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: साताऱ्यात राहता, १/७२ मापाचं प्लॅस्टिकचं मिग-२१ विमान जोडायला घेतलंय. एका पंखाच्या मुळाशी नख जाईल एवढी फट राहिलीय. धडाच्या वरचा सांधा पुट्टी भरून, घासून, रंगवला तरी आठवड्याने पुन्हा उमटला, आणि त्या घासण्यात आजूबाजूच्या पॅनेल लाइन, म्हणजे पत्र्यांचे जोड दाखवणाऱ्या कोरीव रेघा, पुसल्या गेल्या. आता मॉडेलची खास ट्यूब मागवावी, की गावात मिळणारं एम-सील, गाडीची पुट्टी नाहीतर भिंतीची पुट्टी यातलं काही चालेल?

आधी उत्तर देतो, कारणं मागून. पंखाच्या फटीत प्लॅस्टिकची पातळ पट्टी बसवा आणि वरून नावापुरती पाण्याने पुसता येणारी ॲक्रिलिक पुट्टी फिरवा. धडाच्या सांध्याला फेविक्विक आणि टाल्कम पावडर. एम-सील या दोन्ही जागांना नको. भिंतीची पुट्टी विमानाला अजिबात नको, ती दिवाळीतल्या किल्ल्याच्या बुरुजांना झकास. गाडीची पुट्टी चालते, पण राधिका रोडला जाऊन नुसतं ‘गाडीची पुट्टी द्या’ म्हणालात तर दोन अगदी वेगळ्या वस्तूंपैकी कुठलीही हातात पडेल. त्याबद्दल पुढे लिहितो.

माझं पोटापाण्याचं काम ओतकामाच्या पॅटर्नचं, म्हणजे ज्यावरून साचा घेतात त्या लाकडी नमुन्यांचं. पॅटर्नला लांबी, म्हणजे लाकडाची पुट्टी, भरायची, पॉलिश पेपर मारायचा, पुन्हा भरायची, हे हातात मुरलेलं. त्या धंद्यात एक सवय लागते: पदार्थ घट्ट होताना किती आकसतो हे पहिल्यांदा विचारायचं. ओतीव लोखंड थंड होताना लांबीत साधारण एक टक्का आकसतं, म्हणून पॅटर्न तेवढा मोठा करतात. पुट्टीचं आकसणं याहून कितीतरी जास्त असू शकतं, पण मॉडेल करणारा त्याचा हिशोब धरत नाही. पुट्टी प्लॅस्टिकला सपाट केली, घासली, रंगवली की काम झालं असं धरून चालतो.

तुमचा सांधा पुन्हा का उमटला, ते यातच आहे. ट्यूबमधली राखाडी पुट्टी, मग ती तामिया या जपानी मॉडेल कंपनीची बेसिक असो नाहीतर गॅरेजमधली एनसी, सुकते ती आतला थिनर उडून. थिनर गेला की त्याची जागा रिकामी होते आणि पुट्टी तेवढी खाली बसते. थर जाड असेल तर दुधावर धरते तशी वर आधी साय धरते आणि खालचा थिनर अडकून राहतो. वरून बोट लावलं तर कडक लागतं. आपण घासून मोकळे होतो. आतला थिनर मात्र पुढे कितीतरी दिवस हळूहळू बाहेर पडत राहतो आणि जाताजाता शेजारचं प्लॅस्टिकही मऊ करतो. किटचं प्लॅस्टिक म्हणजे पॉलिस्टायरीन, त्याला हे थिनर विरघळवतात. म्हणून रंगाखाली बारीक घळ तयार होते. रंग खराब नव्हता आणि तुमचं घासणंही चुकलं नव्हतं. थर जाड होता आणि पेपर लवकर मारला गेला, एवढंच.

या जातीची पुट्टी वाईट म्हणून मी टाकून देत नाही. ओरखडे, टाचणीच्या टोकाएवढी छिद्रं, इजेक्टर पिनच्या (भाग साच्यातून बाहेर ढकलणाऱ्या खिळ्यांच्या) उथळ खुणा यांना ती उत्तम. थर कागदाएवढा हवा आणि दोन थरांत एक रात्र जाऊ द्यायची. फटीत कोंबायची वस्तू ती नव्हे.

आता पॅनेल लाइनचा मुद्दा. यावर मी जरा जास्त लिहिणार आहे, कारण पुट्टी निवडताना लोक रंग बघतात, ब्रँड बघतात, किंमत बघतात आणि कडकपणा कुणी बघत नाही. सांध्यावर पेपर फिरतो तेव्हा त्याच्याखाली एकाच वेळी दोन पदार्थ असतात, मधे पुट्टी आणि दोन्हीकडे प्लॅस्टिक. पुट्टी प्लॅस्टिकपेक्षा कडक असेल तर पेपर आधी प्लॅस्टिक खातो. पुट्टीचा उंचवटा तसाच राहतो, तो घालवायला तुम्ही आणखी घासता, आणि दोन्ही बाजूंच्या रेघा, रिव्हेट, सगळं जातं. पुट्टी मऊ असेल तर उलटं घडतं, मधे खळगा पडतो. दोघांचा कडकपणा जवळपास असेल तेव्हाच पेपर दोन्हींना सारखं कापतो आणि कड अशी विरते की बोटाला लागत नाही. आमच्याकडे त्याला ‘कड मारली’ म्हणतात.

एम-सील नको म्हणालो ते याच कारणाने. वस्तू चांगली आहे. दोन भाग सारखे घेऊन एकजीव रंग येईपर्यंत मळा, तासा-दोन तासांत ते धरतं आणि आकसत जवळजवळ नाहीच. पण पुरतं घट्ट झालेलं एम-सील पॉलिस्टायरीनपेक्षा बरंच चिवट होतं. १/७२च्या विमानावर ते घासून काढेपर्यंत विमानाचा आकार बदलेल. शिवाय त्याची कड कागदासारखी पातळ होत नाही, तुकडा निघतो. एपॉक्सी वापरायचीच असेल तर घासायची वेळ येणार नाही अशा रीतीने वापरा. वेल्समध्ये बनणारी मिलिपुट याच जातीची, पण दाणा बारीक. ती फटीत दाबायची, ओलं बोट नाहीतर ओली कापसाची काडी फिरवून मऊ असतानाच जादा भाग पुसून टाकायचा आणि रात्रभर हात लावायचा नाही. रणगाड्यावरची गुंडाळलेली ताडपत्री, सैनिकाच्या अंगरख्याच्या चुण्या असलं काही घडवायचं असेल तर एपॉक्सीसारखं दुसरं काही नाही. एम-सीलसुद्धा तिथे चालतं. विमानाच्या नाकात वजन घालायचं असतं, तेव्हा छर्रे जागेवर धरून ठेवायलाही मी एम-सीलच वापरतो, आत कोण बघतंय!

गाडीच्या पुट्टीकडे येऊ. ऑटो पेंटच्या दुकानात मिळणारी पहिली एनसी पुट्टी, म्हणजे नायट्रोसेल्युलोज. ती थिनरने सुकते. वर तामियाच्या ट्यूबबद्दल जे लिहिलं ते हिला तसंच लागू, फक्त दाणा जाडसर आणि थिनर जास्त जहाल. दुसरी डब्यात येते, सोबत हार्डनरची छोटी ट्यूब असते. ही पॉलिएस्टर. डेंटिंगवाला पत्र्यावर कालवून पटकन ओढतो ती हीच. ती उडून सुकत नाही, रासायनिक क्रियेने घट्ट होते, त्यामुळे आकसणं फार कमी, आणि वीस-तीस मिनिटांत पेपर मारता येतो. मोठे खड्डे, लाकडी किंवा रेझिनच्या मॉडेलवरची दुरुस्ती, १/३५च्या रणगाड्याचा रुंद सांधा, इथे ही गावातली पुट्टी परदेशी ट्यूबच्या तोडीचं काम करते आणि पाव किलोचा डबा वर्षभर पुरतो.

तिच्या खोड्या मात्र माहीत असू द्या. हार्डनर वजनाने दोन टक्क्यांच्या आसपास लागतो. आपण कालवतो शेंगदाण्याएवढा गोळा, म्हणजे हार्डनर टाचणीच्या डोक्याएवढाच. जास्त घातला तर पुट्टी पत्र्यावरच दगड होते आणि पुढे रंगातून डागही वर येऊ शकतो. कमी पडला तर चिकट राहते आणि पेपर भरून जातो. गुळगुळीत प्लॅस्टिकवर ती नीट धरत नाही, कडेने टवका उडतो, म्हणून भरण्याआधी जागा ३२० किंवा ४०० नंबरने खरवडून घ्यायची. कालवताना हवा शिरली की घासल्यावर बारीक भोकं दिसतात. म्हणून फेटायची नाही, पत्र्यावर दाबत-ओढत कालवायची. हार्डनरमध्ये पेरॉक्साइड असतं. हातमोजे घाला, डोळ्यांना हात लावू नका आणि हे काम गॅलरीत करा, कारण तो वास जेवणाच्या ताटापर्यंत येतो. एप्रिल-मेच्या उन्हात कालवलेली पुट्टी हिवाळ्यापेक्षा खूप लवकर धरते, हेही लक्षात ठेवा.

फेविक्विक, म्हणजे सायनोॲक्रिलेट, माझ्या मते धडाच्या लांब सांध्यांना सगळ्यात सोयीचं. त्यात उडून जाणारं काही नसतं, त्यामुळे ते बसत नाही. नुसतं वापरलं तर एक अडचण येते. पहिल्या अर्ध्या-एक तासात ते प्लॅस्टिकसारखंच घासलं जातं, पण रात्रभर ठेवलं तर प्लॅस्टिकपेक्षा कडक होतं आणि मग कडकपणाचं तेच रडगाणं. म्हणून त्यात टाल्कम पावडर मिसळायची. टाल्क मऊ खनिज आहे, त्यामुळे मिश्रण घासायला सोपं राहतं आणि वाहतही नाही. डब्यावर टाल्क लिहिलंय का ते बघा, काही बेबी पावडरी मक्याच्या पिठाच्या असतात. जुन्या प्लॅस्टिकच्या झाकणात दोन थेंब फेविक्विक, त्यात पावडर, टूथपिकने ढवळून गुळाच्या पाकाइतकं दाट करा आणि लगेच सांध्यावर ओढा. खाण्याचा सोडा टाकून झटपट घट्ट करायची युक्ती सगळीकडे सांगतात. ती आतल्या बाजूने सांधा मजबूत करायला ठीक. बाहेरून नको, त्याचा दगड होतो.

धडासाठी याहूनही चांगला मार्ग असा की पुट्टी लागूच द्यायची नाही. पुढच्या विमानाला करून बघा. दोन अर्ध्या भागांच्या कडा ४०० नंबरच्या सपाट पेपरवर हलक्या हाताने फिरवून एकसारख्या करा. पातळ प्लॅस्टिक सिमेंट सांध्यात उतरू द्या, पाच-दहा सेकंद थांबा आणि मग दोन्ही अर्धे असे दाबा की विरघळलेल्या प्लॅस्टिकची बारीक ओळ बाहेर येईल. टेप लावून तीन-चार दिवस ठेवा. ती ओळ कडक झाली की घासून टाका. सांधा आता प्लॅस्टिकचाच आहे, आकसायला आणि उखडायला वेगळा पदार्थच नाही. लोकांची घाई दुसऱ्या दिवशी नडते. ओळ वरून कडक दिसते पण आतून मऊ असते, आणि मग तिथेही घळ पडते.

याच तत्त्वावरची घरगुती पुट्टी म्हणजे स्प्रूची पेस्ट. भाग काढून उरलेल्या सांगाड्याचे तुकडे बारीक कापून पातळ सिमेंटच्या बाटलीत एक तृतीयांशपर्यंत टाका. एका रात्रीत मधासारखी पेस्ट होते. जिथे पुढे रेघ कोरायची आहे तिथे मी हीच वापरतो, कारण कोरताना टोक पुट्टीतून प्लॅस्टिकमध्ये जाताना अडखळत नाही. पण तीही थिनरच्या जातीची, आकसते. पातळ थर द्यायचे आणि मधे बरेच दिवस जाऊ द्यायचे. घाई असेल तर हिच्या वाटेला जाऊ नका.

तुमच्या पंखाची फट आता जवळून बघू. १/७२मध्ये अर्धा मिलिमीटर म्हणजे खऱ्या विमानावर ३६ मिलिमीटर, दोन बोटं सहज आत जातील. एवढी फट पुट्टीने भरायची म्हणजे पुट्टीला भिंत बांधायला सांगण्यासारखं आहे. आधी कोरडं जुळवून बघा. बऱ्याचदा पंखाच्या आत, जिथे वरचा आणि खालचा भाग मिळतो, तिथे प्लॅस्टिकचा एखादा कंगोरा आडवा येत असतो. तो कापला की फट निम्मी होते. उरलेल्या फटीत ०.२५ किंवा ०.५ मिलिमीटरची स्टायरीनची, म्हणजे किटच्याच जातीच्या प्लॅस्टिकची, पट्टी सरकवा. विकत आणलेली नसेल तर सांगाड्याचा तुकडा मेणबत्तीजवळ मऊ करून ओढा, तार निघते, ती फटीत बसवा. वरून पातळ सिमेंट सोडा. दोन दिवसांनी वर आलेला भाग धारदार ब्लेडने छाटा. आता उरते ती केसाएवढी खाच. तिच्या दोन्ही बाजूंना टेप लावा, व्हॅलेहोची प्लॅस्टिक पुट्टी किंवा तसली कुठलीही पाण्याची ॲक्रिलिक पुट्टी ओढा, ओल्या कापसाच्या काडीने पुसा, टेप काढा. तिथे पेपर मारायची गरजच पडत नाही आणि आसपासचा एकही रिव्हेट जात नाही. ही पुट्टी मऊ असते. तिच्यात रेघ कोरता येत नाही आणि घासायला गेलं तर गोळे होऊन सुटते. पंखाच्या मुळाशी दोन्ही गोष्टी करायच्या नसतात, म्हणून ती तिथे शोभते.

एक प्रश्न मात्र भरण्याआधी स्वतःला विचारा: ही रेघ खऱ्या विमानाला आहे का? पंख धडाला जिथे मिळतो तिथे खऱ्या विमानालाही सांधा असतो, पंखाच्या हलत्या भागांच्या, म्हणजे एलेरॉन-फ्लॅपच्या, कडेला तर मोकळी फटच असते. फोटो समोर ठेवा. सगळं गुळगुळीत करून टाकलेलं मिग मला साबणाची वडी वाटतं.

घासण्याबद्दल. हार्डवेअरमध्ये मिळणारा काळा पाणी पेपर पुरतो, मॉडेलच्या नावाचा महाग पेपर लागत नाही. सुरुवात ४०० ने, मग ६००, ८००, १०००. पुट्टीचा डोंगर असेल तरच ३२०. १००च्या आसपासचा लाकडाचा पेपर प्लॅस्टिकच्या जवळही आणू नका, त्याचे ओरखडे भरायला पुन्हा पुट्टी लागते. पेपर बोटाने धरून घासलं की बोटाच्या आकाराचा खळगा पडतो. आइस्क्रीमच्या काडीला पट्टी चिकटवा, गोल धडासाठी मऊ खोडरबर घ्या. कायम पाणी लावून घासा, धूळ उडत नाही आणि पेपर भरत नाही. पॉलिएस्टर किंवा फेविक्विक कोरडं घासायची वेळ आलीच तर मास्क हवाच. रेघांच्या बाबतीत सोपी गोष्ट अशी की घासायच्या आधीच त्या थोड्या खोल करून ठेवायच्या. जाड टेपची कड धरून स्क्राइबर (रेघ कोरायचं हत्यार) किंवा होल्डरमध्ये धरलेली सुई दोन-तीनदा हलकी ओढली की पुढच्या घासण्यात रेघेचा माग राहतो आणि तोच धरून पुन्हा कोरता येतं. ज्या तपशिलाला हात लागायला नको त्यावर टेपचे दोन थर.

बोट आणि डोळा दोघंही फसतात, कारण राखाडी पुट्टी आणि हिरवट प्लॅस्टिक शेजारी असले की सपाटपणा कळत नाही. एकरंगी प्रायमर मारा. मिस्टर सरफेसर १००० हा प्रायमरही आहे आणि पातळ पुट्टीही. ५०० नंबरचा आणखी दाट, तो ब्रशने बारीक खाचेत भरून जादा भाग आयसोप्रोपिल अल्कोहोलने भिजवलेल्या काडीने पुसता येतो. ॲसिटोन मात्र नको, ते प्लॅस्टिकच उचलेल. थ्रीडी प्रिंटच्या थरांच्या रेघांनाही मी हाच ५०० लावतो.

तुमचं मिग कुठल्या रंगात करणार ते लिहिलं नाहीत. भारतीय हवाई दलात हे विमान १९६३ला आलं आणि सप्टेंबर २०२५मध्ये निवृत्त झालं, एवढ्या काळात त्याने बरेच रंग बघितले. हिरवा-करडा कॅमोफ्लाज असेल तर १००० नंबरपर्यंतचं घासणं पुष्कळ झालं. जुन्या एफएल प्रकारच्या मिग-२१चा उघड्या धातूचा रंग करणार असाल तर १५००, २०००पर्यंत जा आणि आधी चकचकीत काळा मारून उजेडात तिरपं धरा. चंदेरी रंग एकही ओरखडा झाकत नाही. अशा विमानाला मी ॲक्रिलिक पुट्टी टाळतो. प्लॅस्टिक, पुट्टी आणि फेविक्विक यांची चमक धातूच्या रंगाखाली वेगवेगळी दिसते, म्हणून सांधे शक्यतो प्लॅस्टिकचेच ठेवतो.

साताऱ्याच्या पावसाळ्याचं वेगळं लिहायला हवं. जून ते सप्टेंबर थिनरची पुट्टी आणि एनसी प्रायमर दमट हवेत पांढरा पडतो. कास-महाबळेश्वरकडून धुकं खाली उतरलं असेल त्या दिवशी मी डबा उघडतच नाही. फेविक्विकचं उलट, ते हवेतल्या ओलाव्यानेच धरतं. पावसात इतक्या झटपट की टाल्क ढवळेपर्यंत गोळा होतो, आणि सांध्याच्या आजूबाजूला पांढरी वाफ बसते. त्या दिवसांत एका वेळी एकच थेंब घ्या. ॲक्रिलिक पुट्टी सुकायला दुप्पट वेळ लावते, पण बिघडत नाही.

खरेदी करायची तर तुम्हाला या मिगसाठी एक ॲक्रिलिक पुट्टीची ट्यूब, एक फेविक्विक, घरातली टाल्कम, चार वेगवेगळ्या नंबरांचे पाणी पेपर आणि स्टायरीनची एक शीट लागेल. ट्यूब आणि शीट पुण्याहून किंवा ऑनलाइन, बाकी सगळं गावात. तामियाची राखाडी ट्यूब घरात असेल तर ती ओरखड्यांसाठी ठेवा. बंद करण्याआधी तोंडाचे आटे चिंधीने पुसा, झाकण घट्ट लावा, ट्यूब झिपच्या पिशवीत घाला आणि झाकणाची बाजू खाली करून उभी ठेवा.